पूर पाहिलेला माणूस

एप्रिल लागला की आमच्या ऑफिसात इंटर्न येतात. गळ्यात कोरी करकरीत ओळखपत्रं, हातात पाण्याच्या बाटल्या, आणि चेहऱ्यावर असा भाव, की ही कंपनी आजवर आपल्यावाचून चाललीच कशी. दोन महिन्यांचे पाहुणे. खाली पार्किंगमध्ये बहावा फुललेला असतो, त्याच्या पिवळ्या पाकळ्या यांच्या स्कूटरच्या सीटवर पडलेल्या असतात. वर मी त्यांना एसीच्या खोलीत बसवून कंपनीची ओळख करून देते. मनुष्यबळ विभागात आता बऱ्यापैकी वरच्या खुर्चीवर बसते ना, म्हणून हे काम माझं. दरवर्षी तेच बोलते. इतकं पाठ झालंय की बोलता बोलता मी संध्याकाळच्या भाजीचा विचार करू शकते.

शेवटी प्रश्न विचारा म्हटलं की पहिल्या रांगेतलं कुणीतरी हात वर करतं. या वर्षीची मुलगी चष्मेवाली होती, वही उघडून बसलेली. तिने विचारलं, मॅम, तुमच्या स्वतःच्या इंटर्नशिपमधलं तुमचं सगळ्यात मोठं लर्निंग काय? हाही दरवर्षीचाच प्रश्न. माझं उत्तरही ठरलेलं आहे. मी हसते, आठवतेय असं दाखवायला जराशी थांबते, आणि म्हणते, "माणसांचं ऐकून घ्यायला शिकले." मुलं ते लिहून घेतात. या चष्मेवालीने तर त्याच्याखाली रेघ मारली, आणि मला टेबलाखाली जाऊन बसावंसं वाटलं.

कारण ऐकून मी घेतलं होतं, यात खोटं काही नाही. फार नीट ऐकून घेतलं होतं.

खरं उत्तर मी कधी कुणाला दिलेलं नाही. नवऱ्यालाही अर्धंच सांगितलंय. आता लिहून टाकते. कारखान्याचं नाव सांगत नाही, माणसांची नावं बदलली आहेत.

माझा तो उन्हाळा खडकीच्या पुढच्या एका कारखान्यात गेला. एमबीएचं पहिलं वर्ष संपलं होतं. बरोबरीच्या मुलींना हिंजवडीत काचेच्या इमारती मिळाल्या, मला पत्र्याचं छप्पर मिळालं. स्वारगेटवरून सकाळी साडेसहाला कंपनीची बस सुटायची. जाताना खिडकीतून गार वारा, आणि येताना रेक्झिनची सीट अशी तापलेली की बसल्याबरोबर पुन्हा उठायला व्हायचं. कारखान्यात शिरलं की पहिल्यांदा नाकात जायचा तो यंत्रांच्या तेलाचा वास. तो ओढणीला चिकटून घरी यायचा, ओढणी धुतली तरी जायचा नाही. दुपारी बारानंतर वरचा पत्रा तापून टकटक वाजायला लागे. कॅंटीनमध्ये स्टीलच्या मोठ्या पिंपात ताक असे, आणि कामगार ते दोन-दोन ग्लास पिऊन मिशा पुसत बाहेर पडत. मला सुरुवातीला या सगळ्याची किळस वाटायची, हेही सांगून टाकते. लाज सांगायला बसलेच आहे तर थोडक्यात कशाला.

मला बसवलं होतं टाइम ऑफिसात. म्हणजे गेटला लागून असलेली एक अरुंद खोली. आत भिंतीवर लाकडी कप्पे, कप्प्यांत प्रत्येक कामगाराचं कार्ड, आणि एक जुनं घड्याळाचं यंत्र. कामगार आला की कार्ड यंत्रात घालायचा, ते खट्‌ करून वेळ छापायचं. कोण कधी आलं, कोण रजेवर, कुणाचा जादा वेळ किती, हा सगळा कारभार एकटे मुनीरभाई बघायचे. पंचवीस-तीस वर्षं तीच खोली, तीच खुर्ची.

पहिल्या दिवशी मी दारात उभी राहिले तेव्हा ते ब्लेडने पेन्सिलीला टोक काढत होते. मान वर न करता म्हणाले, "शिकायला आलात की शिकवायला? आधी सांगा, म्हणजे तशी खुर्ची देतो."

पेठेतला माणूस. कसब्यात नदीकडच्या गल्लीत त्यांच्या तीन पिढ्या गेलेल्या. मराठी माझ्याहून स्वच्छ, आणि जीभ धारदार. उशिरा आलेल्या कामगाराला ओरडायचे नाहीत. "या, या. जेवूनच आलात ना?" एवढंच म्हणायचे. माणूस ओशाळा होऊन आत पळायचा. केस कुळकुळीत काळे करायचे, आणि सोमवारी नवा रंग लावलेला असला की कानाची टोकंही काळी दिसायची. चहात आलं घातलेलं चालायचं नाही. कुणाचं बायकोशी वाजलंय, कुणाच्या मुलीचं कुठे जमतंय, ही सगळी खबर त्यांच्याकडे पहिल्यांदा पोचायची. भोचक होते, खरं म्हणजे. आणि बढाईखोरही. एका सोमवारी त्यांनी मला सांगितलं, की तरुणपणी कॅरममध्ये त्यांनी एका जिल्हा चॅम्पियनला हरवलं होतं. गुरुवारपर्यंत तो चॅम्पियन महाराष्ट्राचा झाला होता. मी ऐकत असे आणि ओढणीत हसत असे. म्हणजे हा माणूस गोष्टीला पाणी घालतो, हे मला पहिल्या आठवड्यातच ठाऊक झालं होतं. हे मुद्दाम सांगते आहे. नंतर मला ते ठाऊक नसल्यासारखं वागायचं होतं.

पण मला आवडायचे ते. घरून डब्यात आणलेली कबाबं एका बशीत आणि माझ्यासाठी केळं दुसऱ्या बशीत, अशी पंगत मांडायचे. मी बाहेर खाते म्हटल्यावर डोळे मिचकावून कबाबाची बशी माझ्याकडे सरकवली, आणि "आईला सांगू नका" म्हणाले.

कंपनीत जूनपासून अंगठ्याची मशीनं बसणार होती. अंगठा टेकवला की हजेरी लागली. त्यासाठी जुन्या फायलींमधली सगळ्यांची माहिती कंप्युटरवर चढवायची, आणि चढवता चढवता तपासायची. नाव, पत्ता, जन्मतारीख, शाळा सोडल्याचा दाखला. हे माझं प्रोजेक्ट. अंगठ्याची मशीनं आल्यावर टाइम ऑफिसची गरज उरणार नव्हती, हे लहान पोरालाही कळलं असतं. मुनीरभाईंना कळलं नसेल असं नाही. पण ते ऑफिस स्टाफमधले, त्यांना दुसऱ्या खात्यात कुठेतरी बसवतील असं सगळे धरून चालले होते. फायली त्यांनीच मला काढून दिल्या. धूळ झटकून, एकेक करून.

त्या फायलींमध्ये मला पहिला शोध लागला, तो म्हणजे निम्मा कारखाना एक जूनला जन्मलेला आहे. मी चक्रावलेच. मुनीरभाईंना हसू आवरेना. त्या काळी कुणाच्या आईला मुलाची तारीख ठाऊक असायची? कुणी आखाडातला, कुणी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, पोरगं दारात उभं राहिलं की मास्तर त्याला वरून खालपर्यंत बघायचे आणि एक जून टाकून मोकळे व्हायचे. वर्षही कधी कधी अंदाजाने. "मास्तरांची मेहेरबानी," मुनीरभाई म्हणाले, "त्यांनी आमचा वाढदिवस लक्षात राहील असा ठेवला." त्यांचा स्वतःचाही एक जूनच. वर्ष पानशेतच्या पुराच्या लगेच पुढचं, बासष्ट.

मी हे माझ्या वहीत टिपून ठेवलं. मला वाटलं, काय बहारदार माहिती मिळाली. कॉलेजातल्या गाईडला दाखवीन, वर्गात सांगेन, सगळे हसतील.

पुण्यात ज्या घरात पुराची गोष्ट नाही असं घर दाखवा. धरण फुटलं, पेठांत पाणी शिरलं, हे इथल्या माणसाला सांगायला निमित्त लागत नाही. मे महिन्याच्या मध्यावर एका दुपारी कॅंटीनचा नळ कोरडा पडला, आणि तेवढं निमित्त मुनीरभाईंना पुरलं. मी, ते आणि स्टोअरमधले दोघंजण जेवत होतो. "पाणी म्हणजे काय ते मी बघितलंय," असं म्हणून त्यांनी डबा बाजूला सारला. अब्बांनी त्यांना खांद्यावर घेतलं. पाणी अब्बांच्या कमरेला. रंग चहाचा. अब्बांच्या एका हातात पितळेचा हंडा, तो त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही. गल्लीच्या तोंडाशी एक म्हैस वाहत चाललेली, आणि म्हशीच्या पाठीवर कोंबडी, अगदी शांत, भाड्याने गाडी केल्यासारखी. खांद्यावर बसून त्या कोंबडीला ते हात करत होते. स्टोअरमधले दोघे हसून लोळायचे बाकी राहिले. मीही हसले.

आणि हसता हसता माझ्या डोक्यात किडा वळवळला. पुरानंतरच्या वर्षी जन्मलेला माणूस पुरात अब्बांच्या खांद्यावर कसा?

काय सांगू, किती आनंद झाला मला. गणित सुटल्यासारखा. खांद्यावर बसून हात करतो म्हणजे तीन-चार वर्षांचा तरी असणार. म्हणजे दाखल्यापेक्षा वय चार-पाच वर्षांनी जास्त. म्हणजे अठ्ठावन्नाला निवृत्ती धरली, तर कागदावर यांची चार वर्षं बाकी आहेत आणि खरं बघता ती संपलेली आहेत. मी हे त्यांना विचारलं का? नाही. ते माझ्यापासून हातभर अंतरावर बसत होते. आठ तास. एकदा म्हटलं असतं, मुनीरभाई, पुराचं काय ते नीट सांगा बघू, तर काय बिघडलं असतं? पण विचारलं असतं तर माझा शोध हातचा गेला असता. दीडशहाणी होते मी. रिपोर्टमध्ये मी एक वेगळं पान केलं. वर मथळा, संशयास्पद जन्मतारखा. खाली एक जूनवाल्यांचा तक्ता, आणि त्याखाली चौकटीत एक उदाहरण, टाइम ऑफिसमधल्या एका ज्येष्ठ कर्मचाऱ्याचं. नाव घातलं नाही. टाइम ऑफिसमध्ये कर्मचारी एकच होता.

अजूनही मला कळत नाही, की ते पान लिहिताना मला एकदाही माणूस कसा दिसला नाही. मी वाईट नव्हते. रस्त्यावरच्या कुत्र्याला बिस्किट घालणारी मुलगी होते. पण शाळेपासून मला सवय होती ती हात वर करायची. उत्तर येतंय ना, मग हात वर. उत्तर कुणाच्या मानेवर पडणार आहे हे बघायचं असतं, असं कुणी शिकवलं नव्हतं. आणि कुणी शिकवलं नाही ही सबबसुद्धा आता तोंडात वाळूसारखी लागते.

आमचे मॅनेजर सरदेसाई सर फार सभ्य माणूस. आवाज कधी चढायचा नाही. त्यांनी रिपोर्ट चाळला, त्या पानाशी थांबले, आणि विचारलं, हे तुम्ही शोधलंत? मी हो म्हटलं. ते म्हणाले, इतकी वर्षं आमच्या कुणाच्या लक्षात आलं नाही. मी त्या संध्याकाळी बसमध्ये उन्हाच्या बाजूला बसले तरी मला ऊन लागलं नाही.

दोन दिवसांनी सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. थोड्या वेळाने मुनीरभाई आले. त्यांना वाटलं, मशीनचं काम शिकवायला बोलावलंय, म्हणून खिशात नवं पेन आणि हातात छोटी वही घेऊन आले होते. सरांनी त्यांना बसायला सांगितलं, पाणी मागवलं. आणि म्हणाले, "मुनीरभाई, आपण पूर पाहिलाय म्हणे. आम्हालाही सांगा की."

मला तिथून उठून जायचं होतं. मी उठले नाही. मुनीरभाईंचा चेहरा उजळला. साहेबांनी आजवर त्यांना काही सांगायला सांगितलं नव्हतं. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि रंगवून रंगवून सगळा पूर सांगितला. अब्बांचा खांदा, पितळेचा हंडा, म्हैस, कोंबडी. साहेबांसाठी म्हणून एक म्हैस वाढवलीसुद्धा. मधे एकदा माझ्याकडे बघून त्यांनी डोळे मिचकावले, की बघा, कसा रंग भरतोय.

संपल्यावर सरांनी शांतपणे फाईल उघडली आणि दाखला त्यांच्यापुढे ठेवला.

त्यांना कळायला थोडा वेळ लागला. मग ते घाईघाईने बोलायला लागले. साहेब, मी नव्हतो, खांद्यावर माझा मोठा भाऊ होता, मी पुढच्या वर्षीचा, घरात लहानपणापासून ऐकलेलं सांगतो मी, गोष्ट आहे ती. सरांनी जन्माची नोंद आहे का विचारलं. जन्म घरातला, नोंद कुणी केली नव्हती. भावाला घेऊन येतो म्हणाले. भाऊ तुमच्याच बाजूने बोलणार ना, असं सर म्हणाले, तेही हसून. मग माझ्याकडे वळले.

"यांनी तुम्हाला काय सांगितलं होतं?"

कॅरमचा चॅम्पियन मला त्या क्षणी आठवला होता. शपथेवर सांगते, आठवला होता. सर, हे असं वाढवून सांगतात, यांच्या गोष्टीवर जाऊ नका, एवढी दोन वाक्यं होती. पण मग माझ्या पानाचं काय? चौकटीचं काय? मूग गिळून बसले असते तरी चाललं असतं. तेही केलं नाही.

"स्वतः पाहिला, असंच सांगितलं होतं, सर."

मुनीरभाईंनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. एखाद्या ओळखीच्या घराला कुलूप दिसावं तसं. मग सरांना म्हणाले, "साहेब, धाकटीनं यंदा बारावीची परीक्षा दिलीय. तिला इंजिनिअर व्हायचंय. मला ही चार वर्षं तेवढी द्या." आवाजात धार राहिलीच नव्हती. सरांनी समजावलं, की खोटी माहिती दिली म्हणून चौकशी बसवली तर सगळ्या कारखान्यात बभ्रा होईल. त्यापेक्षा आपण सन्मानाने राजीनामा द्यावा, हे आपल्याच हिताचं. आपण, आपलं, आपल्या. इतका आदर मी त्याआधी आणि त्यानंतर कुठल्याच केबिनमध्ये ऐकलेला नाही.

महिनाअखेरीस ते गेले. कामगार रांगेने टाइम ऑफिसपाशी येऊन हात मिळवत होते. मी बायकांच्या बाथरूममध्ये जाऊन कडी लावून बसले, बसचा हॉर्न वाजेपर्यंत. तिथेही तो तेलाचा वास होता. जूनमध्ये मशीनं बसली, आणि मला उत्कृष्ट इंटर्न म्हणून प्रशस्तिपत्रक मिळालं. घरी आईने पेढे आणले. मी दोन खाल्ले. सरदेसाई सरांच्याच शिफारशीवर मला पहिली नोकरी लागली. ज्या माणसाच्या बशीतलं खाल्लं, त्याच्याच घरचे वासे मोजून मी नोकरीला लागले.

त्यानंतरच्या वर्षांत एक गोष्ट मी फार जपून ठेवली होती. ती म्हणजे मी खरं बोलले होते. त्यांनी सांगितलं तेच मी सांगितलं, एक अक्षर जास्त नाही. आणि भावाची गोष्ट त्यांनी ऐनवेळी रचली असणार. अडकल्यावर माणूस काहीही रचतो, मी पुढे नोकरीत किती पाहिले तसे. म्हणजे चूक असलीच तर माझ्या वागण्यातली, पण मूळ मुद्दा बरोबर होता. एप्रिल आला, बहावा फुलला, की मी हा मुद्दा काढून स्वतःला दाखवायचे. दहा वर्षं पुरला तो मला.

गेल्या आठवड्यात, त्या चष्मेवालीने रेघ मारली त्याच्या दुसऱ्या दिवशी, मी लॅपटॉपचा चार्जर घ्यायला बुधवार पेठेत गेले होते. दुकानं शोधत एका बोळात वळले, आणि एका दुकानाच्या गल्ल्यामागे मुनीरभाई बसलेले. केस पांढरेशुभ्र. मी परत फिरणारच होते, पण त्यांनी पाहिलं होतं. "अहो मॅडम," ते म्हणाले, "ओळख द्यायची नाही असा नियम निघालाय का ऑफिसात?" दुकान पुतण्याचं, दुपारी ते बसतात. घर जवळच, आणि चहा घेतल्याशिवाय सोडणार नाही म्हणाले. मला वाटलं, देवानेच संधी दिली. घरी जाऊन नीट माफी मागेन, आणि एकदाची मोकळी होईन. बघा, तेव्हाही विचार माझ्याच मोकळं होण्याचा.

अरुंद जिना, वर दोन खोल्या. त्यांच्या पत्नी शमीमभाभी, आणि खाटेवर मोसंबं सोलत बसलेले मोठे भाऊ, करीमभाई. मुनीरभाईंनी माझी ओळख करून दिली, की ऑफिसात माझ्याकडे शिकायला होत्या, फार हुशार. मी खाली बघितलं. भाभींना मी धाकटीचं विचारलं. त्या म्हणाल्या, बारावीनंतर नोकरी गेली ना यांची, मशीन आलं तेव्हा, मग तिने दोन वर्षं एका दुकानात बिलं केली, बाहेरून बीकॉम केलं. आता एका डॉक्टरांकडे रिसेप्शनला असते. चांगलं चाललंय. इंजिनिअरिंगचं फार मनात होतं तिच्या, पण सगळं कुठे मिळतं. हे बोलताना त्या माझ्या चहात साखर घालत होत्या.

मग बोलणं पाणीकपातीवर आलं. एक दिवसाआड पाणी, धरणात साठा नाही. आणि मुनीरभाई खुर्चीत सरसावून बसले. "पाणी म्हणजे काय ते मी—"

"झालं याचं सुरू," करीमभाई म्हणाले. "मॅडम, विचारा याला, तेव्हा हा होता कुठे? अब्बांच्या खांद्यावर मी होतो, चार वर्षांचा. हा पुढच्या वर्षी झाला. आख्खा पूर चोरला यानं माझा."

भाभी पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. लग्न ठरलं तेव्हाही यांनी हाच पूर सांगितला होता, त्या म्हणाल्या, दोन वर्षांनी सासूबाईंनी खरं सांगितलं. करीमभाई म्हणाले, कोंबडी तर मुळात नव्हतीच, ती यानं सातवीत असताना घातली. मुनीरभाईही हसत होते, कान लाल करून, मांडीवर थाप मारून. घरातली जुनी गंमत होती ती. वर्षानुवर्षं चालत आलेली, पाहुणा आला की काढायची.

माझे बाबा पुरानंतर तीन वर्षांनी जन्मलेले आहेत. आणि तेही म्हणतात, आम्ही गच्चीवर बसून होतो. आम्ही. हे मी जन्मभर ऐकत आलेय, आणि ते खोटं बोलतात असं मला कधी वाटलेलं नाही. पण तो चहा हातात धरून बसेपर्यंत ते मला आठवलं नव्हतं. म्हणजे दाखला खरा होता. मास्तरांनी तारीख अंदाजाने टाकली असेल, वर्ष बरोबर टाकलं होतं. चार वर्षं त्यांचीच होती, आणि त्या केबिनमध्ये एकच माणूस खरं बोलला होता.

निघाले तेव्हा मुनीरभाई जिन्यापर्यंत आले. मी दोन पायऱ्या उतरून थांबले. "मुनीरभाई, त्या दिवशी केबिनमध्ये मी..."

त्यांनी हात वर केला, आणि मागे दाराकडे पाहिलं. मग आवाज अगदी खाली आणून म्हणाले, "मशीन आलं म्हणून नोकरी गेली, असंच घरात सांगितलंय. पुराचं कुणाला माहीत नाही. माझ्या तोंडापायी पोरीचं शिक्षण गेलं, हे तिला कळायला नको. आणि करीमला कळलं, तर तो पुन्हा पुरावरून हसायचा नाही."

मागायला आलेली माफी मागायचीही सोय उरली नव्हती.

"तेवढं आपल्यात ठेवा," ते म्हणाले. "जपून उतरा. तिसरी पायरी हलते."

मी मान हलवली आणि उतरले. वर करीमभाईंनी काहीतरी म्हटलं, भाभी हसल्या, आणि मग मुनीरभाईंच्या हसण्याचा आवाज आला.